घोंगडीचं दुसरं टोक

आमच्या शेजारच्या गेणबा आबांनी मेंढरं विकली, तेव्हा बिल्ला तेवढा ठेवला. आमच्या पणदऱ्यात माळ संपून जिकडेतिकडे ऊस झाला होता, चारणार कुठं? राखायला काही उरलं नाही, तरी तो कुत्रा रोज संध्याकाळी रिकाम्या मेंढवाड्याला फेरी मारून यायचा.

त्र्याण्णव साली, गाळपाच्या हंगामात, उसाच्या ट्रॉलीची धडक बसली आणि बिल्ल्याचे मागचे पाय लुळे पडले. आबांनी आणि मी त्याला बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मागचा पाय चिमटला. बिल्ला विव्हळला, शेपूट किंचित हललं.

"मणक्याला चीर गेलीय, पण आतली नस शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवडे फळीवर निजवून ठेवा. अजिबात उठवू नका. मग मी पायांचे व्यायाम शिकवतो. चालेल तो."

आबा परतीच्या वाटेवर कुरकुरतच होते. "निजवा म्हनं! पडल्यालं मेंढरू निजू दिलं तर मरतंय. त्येला उभं करावं लागतंय. हयातभर ह्येच केलं मी."

खरंच केलं होतं. पोटाखाली घोंगडी घालायची, दोघांनी दोन टोकं उचलायची आणि जनावर चालवायचं. आबांचा हात लागला की मेंढरू उठतं, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली, तेव्हा मी मुकाट्यानं गेलो आणि दुसरं टोक धरलं.

बिल्ला जिवाच्या आकांतानं ओरडला.

"वरडतोय म्हंजी जीव हाय," आबा म्हणाले.

सकाळ-संध्याकाळ आम्ही त्याला अंगणभर चालवलं. पाचव्या दिवशी तो ओरडायचा थांबला. आम्हाला वाटलं, दुखायचं थांबलं. गाढव लेकाचे आम्ही!

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा पाय चिमटला. बिल्ला आबांचा हात चाटत राहिला. शेपूट हललं नाही.

"याला उठवलं होतं?"

"चालवला," आबा म्हणाले. "म्या चालवला." माझं नावही घेतलं नाही त्यांनी.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "नस गेली, आबा. आता पाय यायचे नाहीत."

तेव्हापासून आबा त्याचे मेलेले पाय मांडीवर घेऊन चोळत बसायचे आणि रडायचे. घोंगडी त्यांनी खुंटीला टांगली ती पुन्हा काढली नाही. बिल्ला मात्र रोज सकाळी फरफटत त्या खुंटीखाली यायचा आणि कुंपणाकडे तोंड करून भुंकायचा. दुसरं टोक धरायला तो मला बोलवत होता.