परत पाठवलेल्यांची खोली

मी सूड घेतला आणि मला तो आवडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला पश्चात्ताप होईल, मी डोळे पुसेन, अशी वाट बघत कोणी वाचायला नको.

माझं काम गर्दीचं. स्टेशनात माणसं कुठून येतील, कुठे तुंबतील, कुठे वळतील, हे बांधकामाच्या आधी मी स्क्रीनवर चालवून बघते. ऑकलंडच्या आमच्या ऑफिसात त्या वर्षी एक वेगळाच प्रोजेक्ट आला. दोन शेजारी देश, मध्ये चिंचोळी खाडी आणि खाडीवरून धावणारी मेट्रो. देशांची नावं सांगायची मला परवानगी नाही. ऑफिसात आम्ही दोघं मराठी होतो, आम्ही त्यांना अलीकडचा आणि पलीकडचा म्हणायचो. अलीकडे घरं स्वस्त, पलीकडे नोकऱ्या. रोज सकाळी अख्खं एक शहर सीमा ओलांडून कामाला जातं आणि संध्याकाळी घरी येतं.

गाडीचा प्रवास काही मिनिटांचा, पण पासपोर्टच्या रांगा दोन. त्यावर उपाय असा ठरला की दोन्ही देशांची काउंटरं एकाच इमारतीत ठेवायची. अलीकडचा अधिकारी बाहेर पडल्याचा शिक्का मारणार, थोडं पुढे पलीकडचा अधिकारी आत आल्याचा शिक्का मारणार. गाडीत बसायच्या आधीच माणूस परदेशात पोचलेला. उतरला की सरळ कामाला. या हॉलचा आराखडा मी केला होता.

त्यात एक मेख होती. पहिला शिक्का बसला आणि दुसऱ्या काउंटरवरचा म्हणाला, तुम्हाला येता येणार नाही, तर त्या माणसाने उभं राहायचं कुठे? त्याने एक देश सोडलाय, दुसरा त्याला घेत नाही. मागे फिरावं तर मागून लोंढा येतोय, आणि बाहेर जायच्या काउंटरवरून कोणी आत घेत नाही. त्याच्यासाठी मी एक बाजूचं दार ठेवलं होतं. दारामागे बसायला खोली, खोलीला लागून टॉयलेट, आणि तिथून अलीकडच्या देशात परत नेणारा बोळ.

ऑफिसातला दुसरा मराठी माणूस म्हणजे माझा वरिष्ठ. त्याला मीही दादा म्हणायचे, कारण ऑकलंडातली निम्मी मराठी माणसं त्याला दादा म्हणतात. पुण्या-मुंबईहून कोणी नवीन आलं की दादा विमानतळावर हजर. पहिले काही दिवस त्याच्या गराजवरच्या खोलीत राहायचं, वहिनींच्या हातचं जेवायचं, निघताना एक गादी आणि एक राइस कुकर मिळायचा. मलाही मिळाला होता. माणूस म्हणून हे मोठंच आहे, मी नाकारत नाही. पण त्यानंतर दादा तुमच्याशी काहीही वागला तरी तुमची जीभ उचलत नाही. ज्याच्या गादीवर झोपलो त्याला कसं बोलायचं? हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एके दिवशी त्याने मला विचारलं, “अगं, दोन-चार माणसांसाठी एवढी जागा? टॉयलेट कशाला?” तेव्हा मी माती खाल्ली, विश्वास टाकला. त्याला आईची गोष्ट सांगितली.

मी ऑकलंडबाहेर, पुकेकोहेला घर घेतलं आणि आईला बोलावून घेतलं. आम्ही दोघीच आहोत, वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तिने येताना कुलदेवीचा नारळ आणला, नव्या घरात देवापुढे ठेवायला, आणि त्याच्याबरोबर तळहातभर तांदूळ. या देशात बाहेरून बी-बियाणं, फळफळावळ आणताना आधी सांगावं लागतं, ते मी तिला फोनवर दहादा बजावलं होतं. विमानतळावर तिला खुणेने विचारलं, खाण्याचं काही आहे का? तिने मान हलवून नाही म्हटलं. खोटं बोलायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं. देवीचा नारळ तिच्या लेखी खाणं नव्हतंच. लोणचं, चटणी, मेतकूट तिने मुकाट्याने घरी ठेवलं होतं.

नारळ सापडला. तिला बाजूच्या खोलीत बसवलं, फोनवरून दुभाषा मिळेपर्यंत. माणसं चांगली होती, त्यांनी पाणीही दिलं. पण तिला इंग्रजी येत नाही, आणि आली असती तरी परक्या पुरुषाला ती लघवीला कुठे जाऊ म्हणून विचारती ना. विमानात शेजारचे झोपले होते म्हणून ती तिथेही उठली नव्हती. शेवटी खुर्चीवरच झालं. ती बाहेर आली तेव्हा तिने शाल कमरेला गुंडाळली होती. गाडीत ती म्हणाली, “कुणाला सांगू नकोस.” मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

दादाने ऐकून घेतलं. “खरंय गं,” म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं की काय असंही मला वाटलं, इतकी मी बावळट.

पुढच्या आठवड्यात आराखड्यातून खोली गायब. दार गायब, बोळ गायब. त्या जागी कॉफीचं दुकान आणि एक डेअरी, म्हणजे इथलं किराणा दुकान, आणि कोपऱ्यात आराखडा करणाऱ्याचं नाव दादाचं. मी विचारलं तर म्हणाला, “क्लायंटला दुकानं हवीत. परत पाठवले तर जातील आल्या वाटेने. तू अजून लहान आहेस.” मी गिळलं. गादी आठवली आणि गिळलं.

मग गणपती आले. मराठी मंडळाने हॉल घेतला होता, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. आईने पहाटे उठून वाटली डाळ केली. नवं लुगडं नेसून ती बायकांत बसली, आल्यापासून पहिल्यांदा गप्पांत रमली. जेवणं चालू असताना दादा माईकवर आला. दरवर्षी तो नव्याने आलेल्यांचे किस्से सांगून लोकांना हसवतो. कोणी जांदल्स, म्हणजे रबरी चपला, घालून इंटरव्ह्यूला गेला, कोणी टॉग्जना, म्हणजे पोहायच्या कपड्यांना, टॉवेल समजला. आणि मग म्हणाला, “यंदा तर एक आजी देवीचा नारळ घेऊन आल्या.” नाव घेतलं नाही. गरजच नव्हती, माझ्या आईकडे बघतच सांगत होता. नारळ सांगितला, खोली सांगितली, आणि पुढचंही सांगितलं. खुर्चीसकट.

लोक हसले. सगळे नाही, पण हसले. वहिनींनी तोंडावर पदर धरला, हसू लपवायला की लाजून, देव जाणे.

आई उठली, हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात गेली आणि लोकांची खरकटी ताटं घासायला लागली. मी तिथे गेले तेव्हा नळ मोठा सोडलेला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझं तिकीट काढ.”

त्या दिवसापासून ती घराबाहेर पडेना. संध्याकाळी कांद्या-कोबीच्या वाफ्यांच्या कडेने ती शेजारच्या गुजराती आजींबरोबर फिरायला जायची, तेही बंद. सहा महिने राहायला आलेली बाई, रोज सकाळी एकच विचारायची, तिकिटाचं काय झालं. मी घर तिच्यासाठी घेतलं होतं. खोलीला ऊन यावं म्हणून किती घरं बघितली होती. त्या खोलीत ती आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती उतरलीच नाही. मी ठरवलं, याला सोडायचा नाही. आणि घाईही करायची नाही.

दोन्ही देशांचे अधिकारी आराखडा बघायला ऑकलंडला येणार होते. मी आठवडाभर दादाशी इतकं गोड वागले की मलाच कसंतरी झालं. हो दादा, बरोबर दादा. स्लाइड्सवर माझं नाव कुठेच नाही हे मी स्वतः तपासून घेतलं. पहिल्या पानावर त्याचं नाव जरा मोठं केलं.

मीटिंगला आमची मॅनेजर होती, गोरी, कमी बोलणारी. दादाने किया ओरा असा माओरी नमस्कार करून सुरुवात केली, छाती पुढे काढून. “माझा हॉल, माझी कल्पना, एकाच छताखाली दोन देश.” सगळे माना डोलावत होते. त्यांत पलीकडच्या देशाची एक वयस्कर अधिकारी बाई होती, चष्मा कपाळावर. तिने विचारलं, “मी ज्याला नाकारते, तो कुठे जातो?”

दादा म्हणाला, “आल्या वाटेने परत.”

अलीकडच्या देशाचा अधिकारी हसला. “तो आमच्याकडून बाहेर पडलाय. त्या वाटेने मी कोणाला आत घेत नाही.”

“मग तो थांबेल थोडा वेळ.”

“कुठे? कॉफीच्या दुकानात?” बाई म्हणाली. “माझ्याकडे चौकशीला कधीकधी तासन्‌तास लागतात. म्हातारी माणसं असतात, पोरं असतात. टॉयलेट कुठाय?”

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने स्लाइड पुढे नेली, मागे आणली. मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू, “अगं, बोल की काहीतरी.”

मी हात मांडीवर ठेवून बसले होते. आपल्यात मोठी माणसं असताना आपण मध्ये तोंड घालत नाही, तसं तोंड करून मी इंग्रजीत म्हणाले, “आराखडा त्यांचा आहे. तेच नीट सांगतील.”

तो सांगू लागला. काय बोलला ते त्यालाही कळलं नसावं. प्रत्येक वाक्यानंतर तो माझ्याकडे बघायचा आणि प्रत्येक वेळी मी आदराने त्याच्याकडे बघायचे. मी ते मनसोक्त बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, कपाळावर घाम, आणि बसायला जागा नाही कारण त्यानेच उभं राहून बोलायची हौस केली होती. गणपतीच्या हॉलमध्ये आईकडे बघून हसलेलं एकेक तोंड मी त्याच्या तोंडावर ठेवून बघत होते.

शेवटी मॅनेजरने मलाच विचारलं, याचा विचार झालाच नव्हता का? मी लॅपटॉप फिरवला. माझा जुना आराखडा, दार, खोली, टॉयलेट, बोळ. अधिकारी बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढली.

“मग हे काढलं का?” मॅनेजर म्हणाली.

“ते दादा सांगतील,” मी म्हणाले. “त्यांना ते विनोदी वाटलं होतं.”

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. पुढच्या टप्प्याचं काम माझ्याकडे आलं आणि दादाला दुसऱ्या टीममध्ये बसवलं. मंडळात बातमी पोचली. ज्यांच्या घरी राहिली त्यांच्यावरच उलटली, असं मला एका बाईने फोन करून ऐकवलं. मी गादी आणि राइस कुकर धुऊन पुसून दादाच्या दारात ठेवून आले. बेल वाजवली नाही.

एका रविवारी तो पुकेकोहेला आला, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. हे घर त्याने पाहिलेलं नव्हतं. मॅनेजरकडे त्याच्यासाठी शब्द टाकावा, एवढंच त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बसा ना दादा. चहा दिला. परत चहा दिला. मग कोकम सरबत, मोठा पेला, आणि तो संपला तसा पुन्हा भरला. नको म्हणवत नव्हतं बिचाऱ्याला, गरज त्याची होती. मी ऑकलंडच्या हवेवर बोलले, घराच्या छपरावर बोलले, रुळांच्या दुरुस्तीवर बोलले. शब्द टाकण्यावर बोलले नाही. तो खुर्चीत चुळबुळ करायला लागला, एक पाय दुसऱ्यावर टाकला, परत खाली घेतला.

“अगं, बाथरूम कुठंय?”

“थांबा हं दादा,” मी म्हणाले. “आधी हा फोन करून घेते.” फोन हातात घेतला आणि कुणालाच लावला नाही.

आई तेवढ्यात तिच्या खोलीतून बाहेर आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. एका क्षणात तिला सगळं कळलं. “या, इकडे या,” म्हणाली. स्वतः पुढे झाली, दिवा लावला, कपाटातून धुतलेला टॉवेल काढून त्याच्या हातात दिला.

तो घाईघाईने निघाला होता, पुटपुटला, “सॉरी काकू, ते जरा...”

“त्यात लाजायचं काय,” आई म्हणाली. “सगळ्यांनाच लागते.”

तो दारात थांबला. खरंच थांबला, इतकी घाई असून. मान खाली, टॉवेल छातीशी धरलेला. मग आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा माझ्याकडे न बघता चपला घालून निघून गेला. मला जे मीटिंगमध्ये जमलं नव्हतं ते आईने एका वाक्यात केलं. मुद्दाम केलं की सहज, ते मी तिला विचारलं नाही, आणि मला अजूनही वाटतं की मुद्दाम असावं.

तिने पेढ्यांचा बॉक्स उचलून फ्रिजवर ठेवला. मग खुर्चीत बसली आणि मेथीची जुडी समोर ओढली.

“तुझ्या त्या स्टेशनात ठेवलंस ना गं परत? खोलीतलं बाथरूम?”

“ठेवलं.”

“दाराला पाटी चित्राची लाव. इंग्रजी वाचता येत नाही सगळ्यांना.”

मी हो म्हटलं. ती पानं खुडत राहिली. त्या दिवशी तिने तिकिटाचं विचारलं नाही, आणि संध्याकाळी गुजराती आजींनी हाक मारली तेव्हा शाल खांद्यावर टाकून बाहेर पडली.