उषाचा पासपोर्ट मी तपासला

मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या पस्तीस वर्षांत एकही वही न तपासता परत केली नाही. ही गोष्ट मी पूर्वी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही.

निवृत्त झाले त्याच वर्षी आम्ही तिघींनी युरोपला जायचं ठरवलं. तिघी म्हणजे मी, उषा आणि मंदा. हडपसरच्या शाळेत दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी लग्न होऊन नारायण पेठेत आले, उषा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चिकटली (कचेरीत! बॉम्ब ती करत नसे) आणि मंदा मांजरी गावात अशा घरात पडली, जिथे ऊस सोडून दुसरा विषय निघत नाही. युरोपची कल्पना उषाची.

"टूर कंपनी नको गं," ती म्हणाली. "बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा. आपण पाठीवर सॅक टाकून जाऊ. महिनाभर. रेल्वेने फिरू, होस्टेलात राहू, स्वस्तात."

आमचे हे पेपर वाचत होते. डोकं वर न काढता म्हणाले, "तिघींचं मिळून वय पावणेदोनशे. होस्टेलात एकावर एक पलंग असतात म्हणे. वरच्यावर कोण चढणार, ते ठरवून घ्या."

पण उषाला घाई होती, आणि ती गंमत नव्हती. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. "त्यानंतर ऑपरेशन. तोवर काय चालायचं ते चालून घ्या," असं ते सहज बोलून गेले आणि उषाने तो हुकूमच मानला. सगळ्या नोकरीत तिने कधी सलग आठ दिवस रजा घेतली नव्हती. आता महिन्याची मागितली, आणि साहेबांनी दिली, पण एका ठरावीक सोमवारपासून. पुढे-मागे होणार नाही म्हणाले. तिने चालायचे बूटसुद्धा आणले आणि ते पायात बसावेत म्हणून दोन महिने घरात घालून स्वयंपाक केला.

सराव आम्ही खडकवासल्याला धरणाच्या कडेने केला. सॅकमध्ये वजन हवं, म्हणून मंदाने तीन गुळाच्या ढेपी आणल्या.

"दहा-दहा किलोच्या हायत," ती म्हणाली. "अंदाज नको नि काटा नको. आन् भूक लागली तर खाता बी येती!"

अर्ध्या तासात माझ्या मानेवरून मुंग्यांची रांग निघाली. तरीही त्या दिवशी आम्ही पाच किलोमीटर चाललो, आणि उषा सगळ्यांत पुढे होती. ते बघून मला फार बरं वाटलं.

सहलीची प्रमुख अर्थातच मी. मला कुणी नेमलं नव्हतं, पण वर्गात कुणीतरी फळ्याजवळ उभं राहावंच लागतं. मी रेल्वेची वेळापत्रकं काढली, तक्ते केले, आणि एका शनिवारी दोघींची तोंडी परीक्षा घेतली.

"मिलानला पुढची गाडी चुकली, तर काय कराल?"

"त्याच्या मागची धरू," मंदा म्हणाली.

मी तिला शून्य दिलं. (उत्तर बरोबर होतं, पण पायऱ्या दाखवल्या नव्हत्या!)

व्हिसाच्या कार्यालयातली वेळ बुधवारची मिळाली. "सगळी कागदपत्रं माझ्याकडे आणून द्या," मी दोघींना बजावलं. "तुमचा भरवसा नाही. आयत्या वेळी काहीतरी विसराल." दोघींनी निमूटपणे आपापल्या फायली आणि पासपोर्ट माझ्या ताब्यात दिले. उषाने तिचा पासपोर्ट रुमालात गुंडाळून आणला होता.

रविवारी दुपारी मी तपासणीला बसले. टेबलावर फायलींचा गठ्ठा, बाजूला चहा, रेडिओ चालू आणि हातात लाल पेन. ह्याच टेबलावर, ह्याच खुर्चीत मी आयुष्यभर पेपर तपासलेत. वास्तविक मी एका वेगळ्या कागदावर यादी केली होती, आणि खुणा त्या यादीवर करायच्या होत्या. पहिल्या चार खुणा यादीवरच झाल्या, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

पाचव्या खुणेला माझ्या नणंदेचा फोन आला.

माझी नणंद फोन करते तेव्हा समोरच्याने फक्त "हो ना" आणि "अगंबाई" म्हणायचं असतं. तिच्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी काय काय केलं, ते ती पाऊण तास सांगत होती. मी फोन मानेत धरला, "अगंबाई" म्हणत राहिले, आणि हात आपलं काम करत राहिले. फोन संपला तेव्हा गठ्ठाही संपला होता. मी सगळं पिशवीत घातलं, रबर लावलं आणि काम संपल्याच्या समाधानात वामकुक्षी घेतली.

मंगळवारी सकाळी दोघी शेवटची उजळणी करायला आल्या. उषाने बूट दाराशी काढले, आत आली आणि आधी स्वतःचा पासपोर्ट मागितला. तिला त्यातला स्वतःचा फोटो आवडायचा. तिने तो उघडला. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग भराभर उलटत गेली.

"शोभा," ती अगदी हळू म्हणाली, "हे काय आहे?"

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत कोरी पानं उरली, की त्यांवर तिरकी रेघ मारतात. नंतर कुणी त्यात काही लिहू नये म्हणून. हा नियम आहे, आणि नियम मी कधी चुकवलेला नाही. उषाच्या पासपोर्टमध्ये कोरी पानं बरीच होती. प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, पट्टीने आखावी इतकी सरळ लाल रेघ होती. शेवटी 'तपासले', खाली माझी सही आणि तारीख!

मंदाने झडप घालून आपला पासपोर्ट काढला. तिच्याही सगळ्या पानांवर रेघा. शिवाय तिच्या सहीच्या समोरच्या पानावर मी लिहिलं होतं, 'हस्ताक्षर सुधारा.'

"अगं बया!" मंदा मटकन खाली बसली. "आन् तुझा? तुझा दाव."

माझा पासपोर्ट रविवारी घरात नव्हता. तो झेरॉक्स काढायला ह्यांनी नेला होता. तो स्वच्छ, कोरा करकरीत होता. त्या क्षणी मला माझ्या पासपोर्टचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुठल्या वस्तूचा आला नसेल.

हे बाहेर आले. दोन्ही पासपोर्ट त्यांनी शांतपणे चाळले आणि म्हणाले, "एकही पान सुटलेलं नाही. काम चोख आहे."

मग आमची धावपळ सुरू झाली. मी खोडरबर आणला. रेघ तशीच राहिली, पान मात्र चुरगळलं. मंदा म्हणाली, "लिंबू लाव. लिंबानं समदं जातं." लिंबू लावल्यावर पान फुगलं. शेवटी हे खालच्या औषधाच्या दुकानातून स्पिरिट घेऊन आले. कापसाच्या बोळ्याने मी मंदाच्या एका पानावरची रेघ पुसली, आणि रेघ खरोखर गेली! तिच्या जागी सगळं पान गुलाबी झालं.

"आता असं करू," मंदा म्हणाली, "माझ्या नातवानं रेघोट्या वढल्या म्हून सांगू."

"आणि खाली तारीख घालून सहीपण नातवाने केली?" ह्यांनी विचारलं.

 उषा उठली, दाराशी गेली, खाली वाकून बूट घालायला लागली. गुडघे दुखत असल्यामुळे तिला वेळ लागत होता. नाडी बांधताना ती म्हणाली, "पस्तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली. एकदा स्फोट झाला नाही. तो तुझ्या दिवाणखान्यात व्हायचा होता."

मला रडू आलं. मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि म्हटलं, "मीपण जात नाही. मीपण पासपोर्टवर रेघा मारते माझ्या!" आणि खरंच लाल पेन उचललं.

"ठेव ते खाली!" उषा, मंदा आणि हे, तिघं एकदम ओरडले. मंदाने पेन माझ्या हातातून हिसकावलं आणि थेट ब्लाउजमध्ये खोचलं. ते मला पुढे कधीच परत मिळालं नाही.

बुधवारची वेळ गेली. त्या वेळेला आम्ही पासपोर्टच्या कार्यालयात बसलो होतो. नवे पासपोर्ट तातडीने हवे होते, आणि उषाची रजा सुरू व्हायला सव्वा महिना उरला होता. त्यात आधी पासपोर्ट, मग पुन्हा व्हिसाची वेळ, मग व्हिसा! मी मनातल्या मनात दिवसांची वजाबाकी करत होते आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं. आत खरं तर फक्त त्या दोघींना बोलावलं होतं. मला नंतर आरोपी म्हणून घेतलं.

अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी उषाचा पासपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, मग मंदाचा. गुलाबी पानापाशी जरा थांबले.

"ही पानं कोणी रद्द केली?"

"मी," मी उभी राहून म्हणाले.

"बाई, एखादा पासपोर्ट रद्द करायचा तर मलासुद्धा वर विचारावं लागतं. आपण एका बैठकीत दोन केलेत!"

"दुपारची वेळ होती," मी म्हटलं. ह्याहून बरं कारण मला सुचलं नाही.

"आणि हे 'हस्ताक्षर सुधारा' कुणाला उद्देशून आहे?"

"मला," मंदा म्हणाली. "पन ते खरंच वाईट हाय साहेब. त्यात तिची चूक न्हाई."

उषा मात्र पुढे झाली. "साहेब, मी सरकारी नोकर आहे. मी खोटं सांगणार नाही. हिने मुद्दाम नाही केलं, हिला सवय आहे. माझी रजा त्या सोमवारपासून आहे, आणि माझे गुडघे दिवाळीपर्यंतच आहेत. तेवढं बघा." ती माझी बाजू मांडत होती! मला मान वर करवेना.

साहेबांनी उषाच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं. मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "काय घडलं ते खरंखरं लिहून द्या. पुन्हा असं होणार नाही, असंही लिहा. मी ह्यांच्या अर्जांना जोडतो."

मी टेबलावरचं निळं पेन घेतलं आणि लिहिलं. मुद्देसूद लिहिलं, काहीही लपवलं नाही. नणंदेच्या फोनचाही उल्लेख केला. "यापुढे मी दुसऱ्याच्या कोणत्याही कागदपत्रावर खूण, शेरा किंवा रेघ करणार नाही," ह्या वाक्याने शेवट करून सही केली आणि कागद परत दिला.

साहेबांनी तो वाचला आणि पालथा केला.  मग कागद आमच्याकडे वळवला. मागचं पान कोरं होतं, आणि त्यावर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत रेघ होती. मी ती कधी मारली, देवाशपथ मला माहीत नाही!

उषाने कपाळाला हात लावला. मंदाने डोळे मिटले.

"निळी आहे," साहेब म्हणाले. "सुधारणा आहे." आणि त्यांनी शिक्का मारला.

पासपोर्ट आले, व्हिसाची वेळ मिळाली, आणि व्हिसा आला तो उषाची रजा सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी. तो सव्वा महिना मी नीट जेवले नाही. कुरियरवाल्याच्या गाडीचा आवाज मला आमच्या गल्लीच्या तोंडापासून ओळखू यायला लागला होता. पासपोर्ट उषाच्या पत्त्यावर आले; तिने फोनवर "आले!" एवढंच म्हटलं आणि मी गॅसवरची आमटी तशीच ठेवून खडकीला निघाले. (आमटी करपली. हे त्याबद्दल अजून बोलतात.)

सोमवारी मुंबईच्या विमानतळावर आम्ही तिघी पाठीवर सॅक घेऊन तपासणीच्या रांगेत उभ्या होतो. तिघींचे पासपोर्ट उषाच्या गळ्यातल्या पिशवीत होते. माझा मला फक्त खिडकीशी मिळणार होता आणि लगेच परत द्यायचा होता. उषाची पाळी आली. खिडकीतल्या माणसाने तिचा नवा पासपोर्ट उघडला आणि शिक्का मारायला जागा शोधत तो पानं उलटू लागला. एक कोरं पान. दुसरं कोरं. तिसरं कोरं. चौथं. ती सगळी कोरी पानं तशीच सोडून द्यायची म्हणजे काय, माझा जीव खालीवर व्हायला लागला.

तेवढ्यात शेजारून मंदाने माझा उजवा हात मनगटापाशी घट्ट धरून पाठीमागे नेला, आणि समोर बघतच म्हणाली, "शोभे, दुसरा हात बी मागं घे."