भाचीचा नमुना

ताई बोरिवलीला, मी मुलुंडला. तिची मुलगी दुसरीत असताना सकाळी उठल्या उठल्या ओकायला लागली. आधी पित्तावर औषधं झाली. मग चालताना तिचा तोल जायला लागला. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ दिसली, तेव्हा ताईने पहिला फोन मला केला.

"तू याच कामात आहेस ना गं? मग सांग, आता काय करायचं?"

मी याच कामात होते, हे खरं. वेगवेगळ्या शहरांतल्या रुग्णालयांतून लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींचे तुकडे आणि रक्त आमच्या प्रयोगशाळेत यायचं. कुठली गाठ औषधाला दाद देईल, कुठली परत येईल, हे आधीच सांगणारी एखादी खूण त्यात सापडते का, ते ही सगळी केंद्रं आणि आम्ही मिळून शोधत होतो. उपचार आमच्याकडे नव्हते.

ऑपरेशन झालं. संशोधनासाठी ताईने संमती दिली, ती माझ्याकडे बघून दिली. आमच्याकडे नमुना येतो त्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. त्या आठवड्यात आलेल्या नळ्यांत एक तिची असणार होती. कुठली, ते विचारायची परवानगी नव्हती. मी सगळ्याच फार जपून फ्रीजरमध्ये ठेवल्या.

"काय दिसलं गं तिच्यात?" ताई भेटली की विचारायची.

"एकेका मुलाचं वेगळं नाही बघत, ताई. सगळ्यांचं एकत्र बघतो. आणि जे दिसतं ते अजून पक्कं नाही."

"पक्कं कधी होणार?"

"वर्षं जातील."

रेडिएशनमध्ये भाचीचे केस गेले. टोपी कशी दिसते, असं ती मला विचारायची. झकास, म्हणायचे मी. पुढे गाठ परत आली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी रजा टाकून जायचे, तिचे पाय चेपत बसायचे. दुसरं काही येत नव्हतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी सगळ्या केंद्रांची ऑनलाइन बैठक झाली. ज्यांची गाठ परतली होती, त्या मुलांच्या रक्तात एक प्रथिन जास्त दिसत होतं.

"पण नमुने कमी पडतायत," एक डॉक्टर म्हणाले. "अजून हवेत."

सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

संध्याकाळी ताईला फोन करून सांगितलं, काहीतरी सापडतंय.

"तिचं होतं का त्यात?"

"असणार."

"असणार म्हणजे?"

नळ्यांवर नावं नसतात, हे मी पुन्हा सांगितलं. तिने विचारलं, जेवलीस का.