लीलावहिनींनी बेतलेलं खोकं

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत कारदगे मास्तरांच्या घरी पुढच्या खोलीत पाच शिलाई मशिनी होत्या. तिथं मी काजं-बटणं करायला जायची. मशिनी मास्तरांच्या बायकोच्या, लीलावहिनींच्या. मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. त्यांना घरातले-दारातले सगळे आण्णा म्हणत. आण्णा शांत माणूस. वहिनींना मात्र चहाचा कप बसून संपवताना मी कधी पाहिलं नाही. दोन घोट घेतले की कप खिडकीत ठेवायचा आणि कुणाच्या तरी मशिनीपाशी जाऊन उभं राहायचं. "अंबू, काज मोठं झालं." "अंबू, दोरा बदल." दुपारी आम्ही डबे सोडून बसलो की त्या कापडाचं गाठोडं सोडायच्या आणि परत बांधायच्या.

त्यांचं माहेर शाहूवाडीकडचं, डोंगरातलं. एकदा मी विचारलं, "वहिनी, तुमाला घटकाभर टेकावं वाटत न्हाय व्हय?"

"आमच्याकडं पावसाळ्यात चार महिने टेकूनच काढायचे," त्या म्हणाल्या. "ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंद. शाळा बंद. दारात बसायचं आन् पाणी बघायचं. तवापास्नं बसायचं म्हटलं की माझा जीव घाबरा हुतो."

आम्ही लहान मुलींचे फ्रॉक शिवायचो. कोल्हापुरात शिंप्यांची काही कमी नव्हती, म्हणून वहिनींनी घाटाखालची दुकानं धरली होती. माल कापडात गुंडाळायचा, वर गोणपाट, सुतळीनं शिवायचं, शाईनं पत्ता लिहायचा आणि एसटीच्या टपावर चढवायचा. बरीच वर्षं ते असंच चाललं.

चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात कणकवलीच्या दुकानदारानं अख्खं गाठोडं परत पाठवलं. त्यांना सगळे तात्या म्हणत. गगनबावड्याच्या पावसात गोणपाट भिजून चिंब झालं होतं, आणि लाल फ्रॉकचा रंग पांढऱ्या फ्रॉकांवर उतरला होता. सोबत चिठ्ठी होती: "गणपतीत आमच्या मुलींनी डागाळलेले फ्रॉक घालावेत काय? नीट पोचवता येत असेल तरच माल पाठवा."

वहिनींनी चिठ्ठी दोनदा वाचली. एक फ्रॉक उजेडाकडं धरला, खाली ठेवला आणि चप्पल घालून बाहेर पडल्या. तासाभरानं आल्या तेव्हा डोक्यावर रिकामं खोकं होतं. औषधांच्या दुकानात माल येतो तसलं, जाड, तपकिरी. आत आल्या आल्या त्यांनी ब्लेड घेतलं आणि खोक्याचा चिकटवलेला सांधा वरपासून खालपर्यंत उसवला. खोकं कटिंगच्या टेबलावर सपाट पसरलं.

"अंबू, हिकडं ये. ह्ये बघ. चार बाजू म्हंजे घेर. वरच्या-खालच्या पट्ट्या म्हंजे दुमड. आन् शिवण सगळी मिळून एकच." त्यांनी टेबलावर थाप मारली. "आगं, ह्यो तर फ्रॉकच की!"

मग फूटपट्टी, खडू आणि पेपर घेऊन त्यांनी खोकं बेतलं. दोन डझन फ्रॉक घडी घालून रचले, त्याची लांबी-रुंदी-उंची घेतली, शिलाईला सोडतो तसा दुमडीला अर्धा इंच सोडला. संध्याकाळपर्यंत बेत तयार झाला. ते खोकं करणार कोण, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

मुंबईच्या एका खोक्यांच्या कारखान्याला आण्णांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं, हजाराच्या खाली खोकी करत नाही. आम्हाला हवी होती पंधरा-वीस. गणपतीला तीन आठवडे उरले होते. वहिनी गावभर हिंडल्या. मिठाईचे डबे करणारे, वह्या बांधणारे, सगळ्यांकडं बेताची गुंडाळी काखेत मारून जायच्या आणि परत यायच्या. शेवटी कुणीतरी चप्पल लाइनच्या मागं राहणाऱ्या रशीद शिकलगारचं नाव सांगितलं. रशीदभाई चपलांची खोकी करायचे. त्यांची बायको शहाजादी खळ लावायची, ते कापायचे. तिथं वहिनी मलाही घेऊन गेल्या.

रशीदभाईंनी बेत उलटा-सुलटा करून पाहिला. "बाई, माजा पुठ्ठा चप्पल झाकायचा हाय. टपावर टाकायचा न्हाय."

"मग टपावर टाकायचा कुठं मिळतोय?"

"म्हमईत. नागमोडी कागदाचे रोल येत्यात. त्याला दोन्ही अंगानं साधा कागद चिकटवायचा. माजा मावसभाऊ हाय तिथं, पर—"

"मग आणवा की."

"बाई, मी ह्ये कवा केल्यालं न्हाय."

"मी तरी कवा केलंय? तुमाला चाकू धरता येतोय, ह्यांना खळ करता येती, मला बेतता येतंय. आनखी कोण पायजे?"

शहाजादी तोंडाला पदर लावून हसली. रशीदभाई हसले नाहीत, पण त्यांनी मावसभावाला पत्र टाकलं. आठवड्यानं मालट्रकमधून दोन रोल आले. तोवर वहिनी रोज तिथं जायच्या. रोल आले का, पाऊस लागला तर नसेल, वाटेत कुठं उतरवून तर ठेवले नसतील. शहाजादी म्हणायची, "तुमच्या पायाला भिंगरी हाय व्हय, वहिनी? च्या घ्या, बसा की." चहा घ्यायच्या, तो उभ्यानंच.

कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून नवरा-बायकोनं कागद चिकटवले, वर दगड ठेवून वाळवले, बेताबरहुकूम कापले, दुमडले. पहिलं खोकं उभं राहिलं तशा वहिनी त्यात कापड भरून सरळ त्यावर चढून उभ्या राहिल्या. खोकं हललं नाही. त्यांनी वरूनच सांगितलं, "आता ह्याच्यावर नाव पायजे. बिननावाचं खोकं हमाल कसंबी फेकतोय."

चिकटवलेले पुठ्ठे एका छापखान्यात नेले. नाव झकास उठलं, पण मशिनच्या लोखंडी दाबानं आतल्या नागमोडी चपट्या होऊन गेल्या. पुठ्ठा भिजलेल्या पापडासारखा लुळा पडला. तरीही रशीदभाईंनी एक खोकं जुळवलं आणि वहिनी सवयीनं त्यावर चढल्या. खोकं बसलं, वहिनी घसरल्या, घोटा मुरगळला. घोटा टम्म सुजला. शहाजादीनं हळद तापवून लावली, रशीदभाईंनी घोडागाडी बोलावली. वहिनी घरी आल्या आणि लंगडत एका मशिनीपासून दुसऱ्या मशिनीपाशी जात राहिल्या.

"अगं, एक दिवस पाय वर करून पड," आण्णा म्हणाले.

"तुमाला काय जातंय म्हणायला? गणपती माझ्या घोट्यासाठी थांबणार हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाईच घरी आले. हातात चपलेच्या तळव्याचं रबर होतं. "वहिनी, नरम कागदावर लोखंड मारलं, तितं चुकलं. रबराची अक्षरं कापू. फळीवर चिकटवू. शाई लावायची आन् हातानं दाबायचं."

आण्णांनी रबरावर अक्षरं काढून दिली. सुबक, गोलाईदार: लीला बालवस्त्रे, कोल्हापूर. खाली एक छत्री काढली. वाचता न येणाऱ्या हमालालाही कळावं, हे भिजवायचं नाही. रशीदभाईंनी दिवसभर बसून टोकदार चाकूनं ती कापली. फळी शाईत बुडवून पुठ्ठ्यावर दाबली, उचलली. सगळी अक्षरं उलटी! आरशात बघावं तशी.

मग वहिनींचा आवाज चढला. "वीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवताय! यवढं ध्यानात येऊ नये?" रशीदभाईंकडं वळून म्हणाल्या, "आन् तुमी? डोळं मिटून कापत हुता?"

रशीदभाईंनी चाकू खाली ठेवला. "बाई, माजं बोट बघा," त्यांनी हात पुढं केला. दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. "रबर कापताना लागलंय. बोलायचं आसंल तर उद्या बोला."

आण्णांनी पातळ कागदावर अक्षरं परत गिरवली, कागद पालथा करून रबरावर ठेवला आणि ह्या वेळी चाकू स्वतः हातात घेतला. दोघं पुरुष मान खाली घालून कापत बसले. वहिनी दारात उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पहिलं सरळ नाव उठलं. नागमोडी जशीच्या तशी होती.

चौदा खोकी भरली. तात्यांना पत्र टाकलं होतं, उत्तर आलं नव्हतं. गणपती सहा दिवसांवर. वहिनी म्हणाल्या, "मी मालाबरोबर जाणार. अंबू, तू चल."

खोकी टपावर चढली, वर ताडपत्री बांधली. कळे गावापर्यंत ठीक होतं. पुढं पाऊस असा लागला की खिडकीबाहेरचं काही दिसेना. गगनबावड्याला गाडी थांबली. करूळ घाटात दरड आली होती. रस्ता मोकळा होईतो गाडी सोडणार नाही, असं कंडक्टरनं सांगितलं. वहिनी तीनदा खाली उतरून वर बघून आल्या. चौथ्यांदा गेल्या त्या आल्याच नाहीत. मी बाहेर डोकावले, तर बाई मागच्या शिडीवरून टपावर चढलेल्या! पदर खोचलेला, सुजका पाय तसाच, ताडपत्रीत साठलेलं पाणी दोन्ही हातांनी उपसत होत्या.

"ओ बाई, उतरा खाली! पडला तर माजी नोकरी जाईल!" कंडक्टर ओरडला.

"ताडपत्री फाटलीय तुमची! वरच्या खोक्याचं कोपरं नरम पडल्यात. अंबू, धर!"

त्यांनी वरून एकेक खोकं सोडलं, मी आणि ड्रायव्हरनं झेललं. आत आणली तर ठेवायला जागा नाही. कंडक्टर कपाळाला हात लावून उभा. तेव्हा पुढच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "दे गं एक माझ्या मांडीवर. काय हाय त्यात?"

"पोरींचे फ्रॉक."

"मग भिजवून कसं चालंल?"

तिचं बघून शेजारच्यानं एक घेतलं, मागच्या गुरुजींनी एक. बघता बघता सगळ्या गाडीत मांड्यांवर खोकी, आणि त्या खोक्यांवर लीला बालवस्त्रे, कोल्हापूर. शेवटचं खोकं वहिनींच्या वाट्याला आलं. ते सांभाळायचं म्हणजे बसायलाच हवं. तीन तास त्या बसल्या. पण त्यांचे पाय थांबत नव्हते. मांडीवरचं खोकं सारखं वर-खाली होत होतं. त्या बाहेरचं पाणी बघत होत्या, आणि मध्येच माझं मनगट घट्ट धरायच्या.

दरड हटल्यावर घाट उतरून कणकवलीला पोचलो तेव्हा तात्या दुकान आवरत होते. त्यांनी एक खोकं उघडलं, आत हात घातला, कोरडं आहे बघितलं. तीन खोक्यांचे कोपरे लुळे पडले होते, पण माल सगळा कोरडा. वहिनी त्यांच्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या. तात्यांनी फ्रॉक बाजूला ठेवले आणि खोकं उलटं-पालटं करून विचारलं, "ह्ये खोके खंय करून घेतल्यात? माका आमसुलां धाडूक असलेच होये. पन्नास मिळतीत?"

वहिनी "बघू" म्हणाल्या. परतीच्या गाडीत घाट चढल्यावर त्या म्हणाल्या, "अंबू, त्यानं एक फ्रॉक उलगडून बघितला न्हाय. गळ्याला मी यवढी झालर लावली, त्यानं खोकं बघितलं."

त्यांचे डोळे भरले होते.

तरी कोल्हापुरात उतरल्या उतरल्या त्या घरी न जाता रशीदभाईंकडं गेल्या. भिजून नरम पडलेला कोपरा कापून आणला होता, तो त्यांच्यापुढं ठेवला. पंधरा दिवस खटपट करून त्यांनी छापलेल्या कागदावर वितळलेलं मेण ब्रशनं फिरवायची रीत बसवली. तात्यांची आमसुलं त्या खोक्यांतून गेली. मग एका मसालेवाल्याची मागणी आली, मग पापड करणाऱ्या बायकांची. मापं सगळी वहिनी बेतायच्या, अक्षरं आण्णा काढायचे, आणि तेही उलटीच, न चुकता.

सगळं गोडीनं चाललं असं नाही. एकदा रशीदभाईंनी वहिनींना न विचारता एका खोक्याची उंची कमी केली, तर वहिनींनी गिऱ्हाइकासमोर त्यांना फैलावर घेतलं. दोन महिने बोलणं बंद. शेवटी शहाजादी आमच्याकडं आली, पहिल्यांदाच, आणि वहिनींना म्हणाली, "तुमी दोगं तोंड फुगवून बसलाय, आन् खळ माज्या डोक्यावर आंबाय लागलीया. चला." वहिनी तशाच उठल्या. माफी कुणीच मागितली नाही. दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी उंची पूर्ववत केली, एवढंच.

फ्रॉकचं मात्र कमी होत गेलं. मुंबईचा तयार माल चकचकीत पिशव्यांतून यायला लागला, मुलींना तोच हवा असायचा. एकोणऐंशीला दोनच मशिनी उरल्या. शेवटची मशीन हातगाडीवर चढली त्या दिवशी वहिनी गाडीमागं गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. आत आल्या तशा मला म्हणाल्या, "फ्रॉक माझा हुता गं. खोकं मी दुसऱ्याच्या मालासाठी करतीया." मग रिकाम्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजत फिरल्या, आणि त्यात किती पुठ्ठा रचता येईल ते सांगितलं.

मीही तिथंच राहिले. काजं करणारा हात खळीत बुडाला. एक्याऐंशीत उद्यमनगरात शेड घेतली, रशीदभाई आणि वहिनी भागीदार. आता दारात टेंपो उभा असतो आणि आम्ही नऊ बायका खोकी चिकटवतो. आण्णा निवृत्त झालेत. दुपारी येतात, कोपऱ्यातल्या टेबलावर चित्रं काढतात, आणि शहाजादी त्यांना चहा देते.

परवा मी वहिनींना म्हटलं, "आता तरी समाधान वाटतं की न्हाय?"

त्या हातातला बेत गुंडाळत होत्या. माझ्याकडं बघितलं, जसं काही मी परक्या भाषेत बोलले.

"निपाणीला एकजण बिडीचे बंडल भरायला खोकं मागतोय. मधे खण पायजेत म्हणतोय, छत्तीस. कसं बसवायचं त्येच कळंना झालंय मला, चार दिवस झोप न्हाय," असं म्हणत त्या दाराबाहेर पडल्यासुद्धा, आणि स्टँडकडं जाणारी रिक्षा हाताला धरल्यासारखी थांबवली.