पलीकडचं सगळं तिच्याकडे

त्या ऑफिसात दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले होते, अलीकडे आणि पलीकडे. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, मधे एखादी भिंत असेल, नाहीतर रस्ता तरी. तसं काही नव्हतं. कंपनी हॉस्पिटलांसाठी आणि लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पेशंटची वेळ ठरवणं, रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरच्या पडद्यापर्यंत पोचवणं, अशी कामं. हे सगळं ज्या संगणकांवर चालायचं ते कंपनीचे नव्हतेच, एका मोठ्या क्लाउड कंपनीकडून भाड्याने घेतलेले होते. ते झालं अलीकडे. पुढे एक बडं हॉस्पिटल गिऱ्हाईक म्हणून आलं आणि त्यांनी अट घातली, की आमचं बाकी सगळं दुसऱ्याच एका क्लाउडवर आहे, आमच्या पेशंटची माहितीही तिथेच राहिली पाहिजे. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं कोण घालवतं? मालकांनी मान डोलावली, आणि कंपनीला पलीकडे जडलं.

पलीकडे जायला कोणी तयार होईना. काम तेच, पण प्रत्येक गोष्टीचं नाव वेगळं, बटणं वेगळी, रुसवेफुगवेही वेगळे. ज्याला त्याला अलीकडचं अंगवळणी पडलेलं. लग्नानंतर काही वर्षं घरी काढून ती तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती. नव्या माणसाच्या पानात जे वाढलं जातं ते तिच्या पानात पडलं. तिनेही कुरकुर केली नाही. शिकली, चुकली, पुन्हा शिकली, आणि पाचेक वर्षांत तिचं नावच पडलं, पलीकडची.

"हे अडलंय का? पलीकडचं आहे. पलीकडचीला विचार."

सुरुवातीला तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. कुणावाचून तरी काहीतरी अडतंय आणि ते कुणीतरी म्हणजे आपण, यात एक ऊब असते. पण ऊब वाढत गेली की चटकाच बसतो. चुलतभावाच्या लग्नात सगळे फोटो काढत होते तेव्हा ती हॉलमागच्या खोलीत, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या आड, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. एकदा दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून पडलेली असताना फोन वाजला, आणि तोंडात कापूस कोंबलेल्या अवस्थेत तिने सर्व्हर परत कसा सुरू करायचा ते सांगितलं. फोनवरच्या माणसाने विचारलं, "मॅडम, तुम्ही रडताय का?"

"तुझी कंपनी म्हणजे तान्हं मूल आहे," नवरा म्हणायचा. तो गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचा आणि संध्याकाळी घरी आल्यावर कसलीच घाई करायचा नाही. "फरक एवढाच, की हे मूल मोठं होत नाही."

मग एका रविवारी ताईचा फोन आला.

ताई तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा हिच्या दोन वेण्या घालण्यापासून कॉलेजच्या प्रवेशासाठी रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं ताईने केलं होतं. लग्न केलं नाही, दूरच्या गावात लायब्ररीत नोकरी केली, आणि कधी कुणाकडे काही मागितलं नाही. फोनवर तिने आधी हवेचं विचारलं, मग हिच्या नवऱ्याचं विचारलं, आणि मग सहज सांगावं तसं म्हणाली, "खुब्याचं ऑपरेशन करायचं ठरलंय. तीन महिन्यांनी. नंतर महिनाभर कुणीतरी जवळ हवं, म्हणतात. तू येशील का? नाही जमलं तर तसं सांग, मी बाई ठेवीन."

"येते की! विचारतेस काय?" ती म्हणाली. फोन ठेवला आणि ती कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. महिनाभर! पलीकडे कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. मालक मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना कुठलाही प्रश्न दारातच सुटलेला आवडायचा. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जा की. लॅपटॉप घेऊन जा म्हणजे झालं."

"नाही सर," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. "लॅपटॉप नेणार नाही. ताईला उठवायचं, बसवायचं, चालवायचं, आणि मधेच फोन वाजला की तिला अर्ध्या वाटेत उभी ठेवायची, हे मला जमणार नाही."

मालकांनी चष्मा काढला. थोडा वेळ त्यांनी काचा पुसल्या. नंतर त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते नुकतेच कुठल्याशा मोठ्या परिषदेला जाऊन आले होते.

"मग असं करा ना. सगळंच दोन्हीकडे चालेल असं करून टाका. एक बंद पडलं की दुसरं सुरू. डेव्हलपरला कळूसुद्धा नये आपण अलीकडे आहोत की पलीकडे. तीन महिने आहेत तुमच्याकडे. कानबंदला घ्या सोबत."

कानबंद म्हणजे अलीकडचा सगळ्यात हुशार डेव्हलपर. कानावर हेडफोन चढवून बसायचा तो घरी जातानाच काढायचा, म्हणून हे नाव. त्याला हाक मारायची तर टेबल हलवावं लागायचं. पलीकडच्या कामाला तो "वनवास" म्हणायचा, तेही तिच्यासमोर.

दोघं कामाला लागले. दोन्ही क्लाउडांवर एकच मुखवटा चढवायचा, म्हणजे खाली काहीही असो, वरून दोन्ही सारखेच दिसतील, असा बेत होता. महिनाभर खपून त्यांनी तो उभा केला, आणि तो कुणालाच आवडला नाही. दोन्ही सारखे दिसायचे तर दोघांत जे समान होतं तेवढंच वापरता येणार. अलीकडचा क्लाउड जे आपणहून करून द्यायचा ते डेव्हलपरना आता हाताने करावं लागायला लागलं. पलीकडे रिपोर्ट शोधायची जी छान सोय होती तीही गेली. सगळ्यांची बैठक झाली तेव्हा एकेकाने आपलं गाऱ्हाणं मांडलं, आणि एक जण शेवटी म्हणाला, "राग मानू नका मॅडम, पण आधी निम्मं ऑफिस सुखात होतं. आता सगळेच त्रासात आहेत."

सगळे हसले. तीही हसली. मग जिन्यात जाऊन खिडकीशी उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. राग त्या माणसाचा नव्हता. तो खरं बोलला होता, याचाच राग होता.

घरी गेल्यावर नवऱ्याने तिचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "ताईंकडे मी जातो. मला काय, शिकवण्या पुढे ढकलता येतात."

"तू? ती तुला दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून परत पाठवेल. तू चहात साखर ढवळतोस तो आवाजसुद्धा तिला सहन होत नाही."

"मग तूच जा," तो म्हणाला. "पण जाणारच आहेस हे धरून चाल. जमलं तर जाईन, असं धरलंस तर कधीच जमणार नाही."

सकाळी ती स्वतःच्या टेबलाशी गेलीच नाही. खुर्ची ओढत एका डेव्हलपरच्या शेजारी जाऊन बसली. "तू तुझं काम कर. मी नुसती बघते." तो अवघडला, पण अर्ध्या तासात विसरला. मग दुसऱ्याच्या शेजारी, मग तिसऱ्याच्या. आठवडाभर तिचा हाच उद्योग चालला. ऑफिसात कुजबुज झाली, की पलीकडची आता पाळत ठेवायला लागली.

तिला दिसत गेलं ते असं, की कुणालाच दोन्ही क्लाउड सारखे नको होते. प्रत्येकाला आपल्या कामापुरतं खोल जायचं होतं, आणि तिथे जे चांगलं आहे ते वापरायचं होतं. ते अडायचे वेगळ्याच ठिकाणी. नवीन बदल वर कसा चढवायचा, बिघडलं तर कुठे दिसेल, आणि आत जायची परवानगी कुणाकडे मागायची, यातच त्यांचा दम निघायचा. पलीकडे हात लावायची भीती होती ती या दरवाजांची. घर आतून कसंही असो, कुणाची तक्रार नव्हती.

ती कानबंदच्या टेबलाशी गेली. टेबल हलवलं.

"आपण मुखवटा काढून टाकू," ती म्हणाली. "फक्त दरवाजे एकसारखे करू."

त्याने हेडफोन गळ्यात उतरवले, तिचं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे महिनाभराचं काम पाण्यात."

"हो."

"बरं झालं," तो म्हणाला. "मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि तुम्ही विचारलं असतंत तरी मला ऐकू आलं असतं का?"

त्या दिवशी ते दोघं पहिल्यांदा एकत्र जेवले.

मालकांना समजावणं जास्त कठीण गेलं. सगळं दोन्हीकडे ठेवायचं तर काम दुप्पट आणि बिघाडही दुप्पट, हे तिने परोपरीने सांगितलं. "सर, हॉस्पिटलचं बाकी सगळं थांबलं तरी चालेल, पण एका गोष्टीवाचून जीव अडतो. समोर पेशंट आहे आणि डॉक्टरला त्याचा शेवटचा रिपोर्ट दिसत नाही, ती गोष्ट. तेवढे रिपोर्ट आपण दोन्हीकडे ठेवू. पुढच्या महिन्याच्या भेटीची वेळ तासभर उशिरा ठरली तर कुणी दगावत नाही."

"पण हॉस्पिटलवाले त्यांची माहिती इकडे ठेवू देतील?"

"मी विचारलंय. कुलूपबंद नक्कल ठेवायला त्यांची ना नाही. उलट म्हणाले, हे तुम्ही आधीच का नाही सुचवलंत?"

मालक जरा हिरमुसले. परिषदेत ऐकलेलं स्वप्न बरंच मोठं होतं. पण मान त्यांनी डोलावली.

दरवाजे तयार झाले आणि मग सुरू झाली तालीम. दुपारी, सगळे जागे आणि जेवलेले असताना, सरावासाठी मांडलेल्या पलीकडच्या सर्व्हरांतलं काहीतरी ती मुद्दाम बंद पाडायची आणि दुसऱ्यांना दुरुस्त करायला लावायची. पहिल्या दिवशी कानबंद खुर्चीवर बसला आणि ती त्याच्या मागे. तो भलतीकडेच शोधत होता. तिने ओठ चावला. तो आणखी भलतीकडे गेला. तिने हात पाठीमागे बांधले. शेवटी तिला राहवेना, म्हणून ती ऑफिसच्या बाहेर पडली आणि इमारतीला प्रदक्षिणा घालत राहिली. वॉचमनने विचारलं, काही हरवलंय का. ती परत आली तेव्हा कानबंदच्या कपाळावर घाम होता आणि पडद्यावर हिरवा दिवा.

"सापडलं," तो म्हणाला. "वनवासात रस्ते आहेत म्हणायचे."

पुढच्या तालमींना दुसरे बसले. कुणाला जमलं, कुणाला नाही. ज्याला नाही जमलं त्याला ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवायची. प्रदक्षिणा कमी होत गेल्या.

आणि ती गेली. लॅपटॉप कपाटात ठेवून.

ताईचं ऑपरेशन नीट झालं. पहिले दिवस कठीण गेले. ताईला कुणाचा आधार घ्यायची सवय नव्हती, आणि वॉकर धरून उभं राहताना ती त्या वॉकरवरच ओरडायची. हळूहळू दोघींची घडी बसली. सकाळी खोलीच्या दारापर्यंत, मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत. दुपारी ताई मोठ्याने पुस्तक वाचायची आणि ऐकणारीला डुलकी लागली की पुस्तक आपटायची. धाकटीचा हात मात्र सारखा फोनकडे जायचा. फोन गप्प.

"वाजत नाहीये तर बघतेस कशाला?" ताईने एकदा विचारलं.

"म्हणूनच बघते."

एका दुपारी तिने स्वतःच फोन लावला. कानबंदने उचलला. मागे बरीच गडबड ऐकू येत होती. "सगळं ठीक आहे मॅडम. तुम्ही ताईंना बघा," तो म्हणाला आणि चक्क फोन ठेवून दिला. ती हातातल्या फोनकडे बघत राहिली. ताई म्हणाली, "मला उठव. आज जिना बघू." आणि त्या दिवशी दोघी चार पायऱ्या चढल्या, थांबत, हसत, एकमेकींना दरडावत.

परत आल्यावर तिला कळलं. त्याच दुपारी पलीकडच्या क्लाउड कंपनीचाच एक मोठा भाग बंद पडला होता. भेटींच्या वेळा अडकल्या, हॉस्पिटलच्या लोकांना पेशंटना फोन करकरून सांगावं लागलं, दोन डेव्हलपर एकमेकांवर खेकसले. पण रिपोर्ट दिसत राहिले. पलीकडे अंधार झाल्यावर डॉक्टरांच्या पडद्यावर ते अलीकडून येत होते, आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताही नव्हता.

"मला सांगितलं का नाही?" तिने विचारलं. आवाजात किंचित दुखावलेपण होतं, ते तिला लपवता आलं नाही.

"सांगून काय झालं असतं?" कानबंद म्हणाला. "तुम्ही तिथे तळमळला असतात आणि आम्ही इथे तुमच्या सांगण्याची वाट बघत बसलो असतो."

तिला वाटलं होतं, आपल्यावाचून अडलं नाही हे ऐकून आत कुठेतरी रिकामं वाटेल. वाटलंही, चहा संपेपर्यंत. मग लक्षात आलं, की खांदे हलके झालेत, इतके, की आपण ते वर उचलून धरत होतो हेच इतकी वर्षं कळलं नव्हतं.

वसंतात कानबंदने रजा टाकली. डोंगरात भटकायला जाणार होता, जिथे फोन लागत नाही अशा ठिकाणी, आणि ते तो मुद्दाम चारचौघांत दोनदा सांगत होता. त्याच्या गैरहजेरीत अलीकडचं कोण बघणार, असा प्रश्न निघाला, तेव्हा तिने हात वर केला. सगळ्यांनी वळून पाहिलं. अलीकडच्या आतल्या कामाला तिने कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

सोमवारी ती त्याच्या खुर्चीत बसली. पडद्यावर सगळी नावं अनोळखी. दरवाजा तेवढा ओळखीचा, तिनेच बसवलेला. ती आत गेली आणि शेजारच्या डेव्हलपरला म्हणाली, "ए, जरा इकडे ये ना. हे काय आहे ते मला सावकाश सांग. अगदी पहिल्यापासून."

त्याने खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ सरकवली.