बाजूला झालेला पाय

कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या गव्हाच्या मुलखातल्या डुब्रिना गावात ओरेस्ट पासिचनिक दिसला की लोक म्हणायचे, "आली आपली भिंत!" व्यावसायिक आइस हॉकीत तो बचावपटू होता. गोलाकडे सुटलेल्या पकसमोर, त्या टणक रबरी चकतीसमोर, बेधडक आडवा व्हायचा. त्यापायी पुढचे दात गेले, घोटा मोडला, तरी हटला नाही.

पण सुरुवातीला तो असा नव्हता. दुसऱ्याच हंगामात समोरच्याने सणसणीत फटका मारला. ओरेस्टने पाय मध्ये घालायचा, तर भीतीने ऐनवेळी तो बाजूला झाला. पक मागे उभ्या लाइलच्या डोळ्यावर बसला. लाइल त्याच्याच गावचा, बचावातला त्याचा जोडीदार. डोळा गेला, खेळ सुटला. "नशीब, दुसरं काय!" सगळे म्हणाले. ओरेस्टही तेच म्हणाला.

पुढे प्रत्येक मार खाताना त्याला वाटे, अजून फिटलं नाही. लोक मात्र टाळ्या पिटत.

तो निवृत्त झाल्यावर गावाने हॉकीच्या बर्फाळ मैदानाला, रिंकला, त्याचं नाव द्यायचं ठरवलं. चर्चच्या हॉलमध्ये जेवण झालं. आता रिंकवरचा बर्फ खरवडून सपाट करणारं मशीन चालवणारा लाइलच बोलायला उठला. "हा गडी कधी बाजूला झाला नाही!" ओरेस्टने पुढ्यातली ताटली दूर सारली. भाषण संपताच त्याने लाइलला स्वयंपाकघरात ओढलं.

"लाइल, त्या दिवशी मी बाजूला झालो होतो. घाबरून."

लाइलने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "हे आज का सांगतोयस?"

"राहवलं नाही रे."

"तुला राहवलं नाही! तुझं ओझं उतरलं, आणि माझं? इतकी वर्षं नशिबाला शिव्या घालून झोप लागायची. आता तुझ्या नावाने बोटं मोडू?"

ओरेस्ट बाहेर येऊन म्हणाला, "माझं नाव लावू नका. माझी लायकी नाही." "बघा, किती नम्र माणूस!" कुणीतरी ओरडलं. खरं सांगायला त्याने पुन्हा तोंड उघडलं, पण टाळ्या थांबेनात. तो खाली बसला, आणि तेही त्याच्या मनाला लागून राहिलं.

तो सगळा हिवाळा लाइल त्याच्याशी बोलला नाही. मग एका सकाळी दारात उभा.

"मशीन बंद पडलंय. फावडं घे, चल."

"माफ केलंस?"

"बर्फ खरवडायला माणूस हवाय म्हणालो. दुसरं काही म्हणालो का?"

ओरेस्टने बूट चढवले आणि फावडं उचललं.