ज्याला मी शाल घातली

जानेवारीतल्या एका रविवारी इथल्या मराठी मंडळींनी ज्याचा सत्कार केला, तो माणूस देशद्रोही आहे. हे मला चाळीसहून अधिक वर्षं ठाऊक आहे आणि तेवढीच वर्षं मी गप्प आहे. आमच्या दोघांत कमी नीच कोण, हे ठरवायला मी बसलेलो नाही.

युद्धात तो मेजर होता. मी हवालदार, गुप्त संदेशांचा कारकून. संदेश सांकेतिक भाषेत गेला की कच्चे कागद दोघांनी समोर उभं राहून जाळायचे आणि वहीत दोघांनी सह्या करायच्या, असा नियम. तो म्हणायचा, "सही करून ठेव आणि जा, चहा पी. जाळतो मी." मी जायचो. साहेब आपल्याला चहाला पाठवतात याचा मला अभिमान वाटायचा, इतका मी मूर्ख होतो.

एका दुपारी भाजी पुरवणारा ठेकेदार त्याच्या तंबूतून निघाला. माझ्यासमोर त्याची टोपली कलंडली. कोबीखाली माझ्याच अक्षरातला, तोफांच्या नव्या जागेचा कागद होता. आदल्या दिवशी जाळल्याची वहीत नोंद असलेला. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पडलेला कोबी उचलून त्याच्या टोपलीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी आमच्या तोफा नव्या जागी पोचल्या आणि शत्रूचे गोळे नेमके तिथेच पडले. सात जण गेले.

चौकशीत वही उघडली. कच्चे कागद जाळलेले, खाली दोन सह्या. मग फुटली ती तोफखान्याला पाठवलेली एकमेव प्रतच, असं ठरलं. ती मोटारसायकलवरून नेणारा जवान साताऱ्याकडचा, माझ्या शेजारच्या गावचा. मला विचारलं, "कागद तुझ्यासमोर जाळले?"

"हो, सर."

खरं बोललो असतो तर दंडावरच्या फिती गेल्या असत्या. त्या जवानाला तुरुंगात धाडलं. सुटून आला तेव्हा गावात त्याच्या पंगतीला कोणी बसेना. तो फार जगला नाही. मेजर पुढे कर्नल झाला.

आता मी सिंगापुरात सेंगकांगला मुलाकडे राहतो. कर्नल मुलीकडे आला होता, तिच्या काँडोच्या हॉलमध्ये प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम होता. पुण्या-मुंबईकडचे इंजिनियर, बँकवाले, नटूनथटून आलेल्या बायका. कर्नल ब्लेझर घालून युद्धकथा सांगत होता. सांगता सांगता म्हणाला, "घरभेदी आमच्यातच निघाला. निरोप नेणारा एक जवान. मी स्वतः पकडला त्याला!"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतून एका मुलीने विचारलं, "अंकल, देन यू शूट हिम, आह?"

"नो, नो, बेटा. वुई आर सिव्हिलाइज्ड." सगळा हॉल हसला.

मग निवेदिका मला म्हणाली, "काका, तुम्हीही फौजेतले ना? शाल तुमच्याच हातून."

मी शाल घेऊन पुढे गेलो. त्याने ओळखलं. "अरे, कारकून! अजून आहेस?"

"साहेब, ते कागद तुम्ही जाळले नव्हते."

त्याचं हसू जागचं हललं नाही. "सही तुझी आहे. शाल नीट घाल, फोटो काढतायत."

मी शाल नीट घातली. माईक हातभर अंतरावर होता. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला, खाली अंगठेच अंगठे.

 आठवड्याने गावाकडून त्या जवानाच्या मुलीचा नंबर मिळवला आणि तिला सगळं सांगितलं. कोबीसुद्धा. 

"आमच्या आबांना तुम्ही ओळखत होता?"

"एकाच गाडीने रजेवर यायचो."

"आणि तरी?"

"तरी."

"मग लिहून द्या. मी ग्रामसभेत वाचणार. आई अजून आहे, तिला पुढे बसवीन."

मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात कशाला? कर्नल केस करतील." करू दे. कोर्टात त्याच्या शेजारी उभं राहायला मला आवडेल.

तर गावकऱ्यांनो, त्या दिवशी माझ्यासमोर एकही कागद जाळला गेला नाही. मी खोटी सही केली आणि खोटी साक्ष दिली. कागद मेजरने विकले. तुमच्या गावच्या जवानाने त्याला दिलेला निरोप वेळेत आणि बंद पाकिटात पोचवला होता.